चोराच्या वतीने

फराळाच्या ताटाशेजारी तुरुंगाची गोष्ट काढणे रीतीला धरून नाही, हे मी जाणतो. पण आमच्या तालुक्याच्या गावी मानवी हक्कांचे काम करणारी एक लहानशी मंडळी आहे. तिच्या खोलीत मी दर रविवारी अर्ज लिहायला बसतो, आणि दिवाळी जवळ आली की तिथे गर्दी होते. जामीन मंजूर झालेला असतो, जामीनदार मिळत नाही. निदान सणाला तरी पोरगा घरी यावा, एवढेच त्या बायाबापड्यांचे मागणे असते.

"मास्तर, शाळेत तुम्ही चोरी करू नये म्हणून शिकवता आणि रविवारी चोरांचे अर्ज लिहिता, हे कसे?" असे शेजारचे वडीलधारे मला विचारतात. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्याकडे येणारे सारेच निरपराध नसतात. एखाद्याने सायकल खरोखरच पळवलेली असते. त्याची आईच ते न विचारता सांगून टाकते.

मला वाटते, येथे दया आणि हक्क यांची गल्लत होते. दया करताना आपण माणूस पारखतो. दान सत्पात्री असावे, असे आपल्याकडे म्हणतातच. हक्काला अशी पारख चालत नाही. ज्या पोराने काल वर्गाची काच फोडली, त्याचे गणित बरोबर असेल तर गुण द्यावेच लागतात. ते मी त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत.

१९७९ साली बिहारमधील कच्च्या कैद्यांची हकीकत वर्तमानपत्रातून बाहेर आली. त्यांतले काहीजण तर आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ, खटल्याविना आत होते. कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी ती बातमी घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले. हुसैनआरा खातून खटला तो हाच. हे कैदी सज्जन आहेत की नाहीत, हा प्रश्नच तिथे नव्हता. कोण किती दिवस आत आहे, हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात तर पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ लोटल्यावर जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक खटले असलेले आरोपी तेवढे वगळले आहेत.

म्हणून आमचे निम्मे काम तारखा शोधण्याचे. मी कादंबऱ्या लिहितो, पण या खोलीत अश्रूंना फारसा भाव नाही. मारहाणीची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे करायला शुल्क पडत नाही, ती मराठीतही चालते. मात्र घटनेला वर्ष उलटून गेले, की आयोगाला चौकशी करता येत नाही. आणि माणसे सांगतात काय? "नागपंचमीच्या आदल्या दिवशी नेला." तेव्हा मी जुने पंचांग हाताशी ठेवतो.

त्या सायकलीचा धनी दूधवाला. एका रविवारी तो दारात उभा राहून म्हणाला, "चोराला तुम्ही आहात. मला कोण?" त्याची सायकल आठ महिने पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली होती. मुद्देमाल परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तोही अर्ज लिहून दिला. सायकल मिळाली. दूधवाला अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही, आणि त्याने बोलावेच असा आग्रह मी कोणत्या तोंडाने धरू?