गळ्यातला स्कार्फ, कमरेचा रुमाल



हिंगोली जिल्ह्यातील आपली मुले शाळेत स्काऊट-गाईडमध्ये जातात, तेव्हा त्यांचा गणवेश आपण हौसेने इस्त्री करून देतो. पण त्याचा अर्थ त्यांना सांगतो का? सलामीची तीन बोटे वचनाच्या तीन भागांची आठवण देतात: देव व देशाविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि नियमांचे पालन. गळ्यातला त्रिकोणी स्कार्फही नुसता शोभेचा नाही. कुणाचा हात मोडला, तर तोच सोडून त्याची झोळी बांधायची असते.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर पहिले शिबिर भरवले, तेव्हा ते स्वतः मुलांबरोबर राहिले. प्रभू येशूनेही शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. गुरूने आधी करून दाखवले, मग शिकवले.

मुलांच्या पथकासाठी वेळ द्या म्हटले, की आपण कामे पुढे करतो. मग मुलांनी सेवा कुणाकडे पाहून शिकावी? या आठवड्यात शाळेत जाऊन विचारू या, ‘आमची काही मदत होईल का?’

हे प्रभो, मुलांना गणवेश देणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांना तुझा रुमाल बांधण्याची कृपा दे. आमेन.