अंगवळणी पडलेला दोष

मनुष्य आपल्या दोषांशी किती लवकर समेट करतो, ह्याचे प्रत्यंतर थोरामोठ्यांच्या चरित्रांत शोधावयास नको. आम्हांस ते आमच्या सायकलीच्या ब्रेकने आणून दिले. ज्या प्रश्नावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे आत्मविश्वासाने व्याख्याने देत आलो, तो आपणांस नीट कळला होता की नाही, अशी शंकाही त्याच ब्रेकने उत्पन्न केली.

ब्रेकच्या मुठीत तार जेथे शिरते, तेथे एक लहानसा पोकळ स्क्रू बसविलेला असतो. दुकानदार त्यास ऍडजस्टर म्हणतात. तार त्याच्या पोटातून जाते आणि तारेवरील नळीचे टोक त्यावर टेकलेले असते. मूठ दाबली म्हणजे आतली तार ओढली जाते व बाहेरची नळी तितक्याच जोराने ह्या स्क्रूवर रेटते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन ह्या गृहस्थाने १८९६ साली ज्या तारेचे पेटंट घेतले, तिचे मर्म एवढेच. पुढे वापराने ब्रेकचे रबर झिजते व तार सैल पडते. अशा वेळी हा स्क्रू दोन-चार फेरे बाहेर काढला की ढिलाई नाहीशी होते. आपली कृती झिजणारच, हे करणाऱ्याने आधीच कबूल करून तिच्यातच उपाय ठेवावा, ही योजना आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमची सायकल भिंतीवरून घसरून पडली आणि हा स्क्रू मुळाशी मोडला. आटे असलेला तुकडा मुठीतच अडकून राहिला. आम्ही नळीचे टोक त्या तुकड्यावर कसेबसे टेकविले, खालच्या बाजूने तार ओढून घट्ट केली आणि महाविद्यालयाची वाट धरली. पुढे रबर झिजत गेले तशी मूठ हँडलच्या अधिकाधिक जवळ येऊ लागली. आम्हीही चौकाच्या वीस-पंचवीस पावले आधीच मूठ दाबावयास शिकलो, वेळप्रसंगी पाय टेकू लागलो, उताराचा रस्ता टाळू लागलो. दोन महिन्यांत आमच्या लेखी ब्रेक नादुरुस्त असा राहिलाच नाही. एका क्षुल्लक तुकड्यासाठी नवी मूठ न घेतल्याबद्दल काटकसरीचा अभिमानही आम्ही मनात बाळगला.

एके सकाळी शेजारचा मुलगा शिकवणीस जाण्यासाठी सायकल मागावयास आला. आम्ही आनंदाने दिली. टेकडीच्या उतारावर डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक वृद्ध बाई आडवी आली. त्याने मूठ दाबली. ती हँडलला जाऊन टेकली आणि चाक फिरतच राहिले. शेवटी त्याने सायकल कुंपणावर घातली. बाई बचावली, त्याचे कोपर मात्र सोलून निघाले. परत येऊन तो म्हणाला, “काका, ब्रेक लागलाच नाही.” त्यावर आमच्या ओठांवर जे वाक्य आले, ते आजही आम्हांस बोचते. आम्ही म्हणणार होतो, “अरे, थोडा आधी दाबायचा असतो.”

जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात, ज्या कृतीचा परिणाम कर्त्यापुरताच आहे आणि जी इतरांस बाधते, अशा दोहोंत भेद केला आहे. हा भेद आम्ही विद्यार्थ्यांस शेकडो वेळा समजावून दिला असेल. आमचा मोडका ब्रेक आम्ही नकळत पहिल्या वर्गात घालून ठेवला होता. सायकल आमची, धोका आमचा, मग दुसऱ्याचा संबंध काय? परंतु दुरुस्ती झाली होती ती सायकलीची नव्हे, आमच्या सवयीची. सायकल उसनी देता येते; सवय देता येत नाही. त्या मुलाच्या हाती दोष तेवढा गेला, त्यावरचा उतारा आमच्यापाशीच राहिला.

कोणी म्हणेल, चूक केवळ न सांगण्याची झाली. एक शब्द सांगितला असता तर भागले असते. आम्हीही प्रथम मनाचे असेच समाधान करून पाहिले. पण ते टिकले नाही. पाटी घेऊन निघालेल्या त्या बाईस कोण सांगणार होते? शिवाय जे आपल्याच दृष्टीस दिसेनासे झाले, ते दुसऱ्यास सांगावे असे सुचणार तरी कसे? अंगवळणी पडलेल्या दोषाचा खरा धोका हाच की, तो कमी होत नाही, फक्त अदृश्य होतो.

त्याच दिवशी आम्ही सायकल दुकानी नेली. मोडका तुकडा चिकटवून भागेल काय, असे आम्ही विचारले. कारागीर म्हणाला, “सर, इथं दुकानात टिकेल. उतारावर टिकेल का, ते मी सांगू शकत नाही.” त्याने तार काढली, तुकड्यात तेलाचे थेंब सोडून थोडा वेळ थांबला, मग त्याच्या पोकळीत बारीक पेचकस ठोकून बसविला आणि हळूहळू उलटा फिरविला. तुकडा सुखरूप निघाला; मुठीचे मऊ आटे शाबूत राहिले. तोच तुकडा ताडून पाहून त्याने जोडीचा स्क्रू निवडला, तो बसविला, तार सुटून निघू नये म्हणून स्क्रू व मूठ ह्यांच्या खाचा एका रेषेत न ठेवता कडी आवळली, आणि सगळे बळ लावून मूठ दहा वेळा दाबून पाहिली. खर्च दोन कप चहाएवढा आला.

जुने टाकून नवे घेण्याच्या आजच्या हौसेचे आम्ही कैवारी नाही. दुरुस्ती हा सद्गुणच आहे. परंतु दुरुस्ती आणि वेळ मारून नेणे ह्यांत अंतर आहे, आणि ते ओळखण्याची कसोटी आम्हांस ह्या प्रसंगाने दिली : ही वस्तू एखाद्या परक्याच्या हाती, कसलीही सूचना न देता, आपण देऊ काय? घरातला हलता जिना, शाळेतला उघडा विजेचा खटका, आणि आपल्या स्वभावातले ‘आमच्या माणसांना ठाऊक आहे’ म्हणून चालू दिलेले कित्येक कंगोरे ह्या कसोटीला लावून पाहण्यासारखे आहेत.

गेल्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा सायकल मागावयास आला. आम्ही किल्ली त्याच्या हाती दिली. ह्या वेळीही काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही उरले नव्हते.