रविवारचा धडा, सोमवारची परीक्षा

१९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तिथे पाळक घडले, सिद्धान्त शिकले. पण सिद्धान्त पाठ झाला म्हणजे तो आला का?

तीताला लिहिलेल्या पत्रात ‘सुशिक्षणा’साठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ निरोगी. पुढची यादी वागण्याची आहे: चहाडी नको, दारूच्या आहारी जाणं नको, चोरी नको. पण त्याच यादीत गुलामांनी मालकांच्या आज्ञेत राहावं, असंही आहे. म्हणून शिकवण कुणाला निरोगी करते आणि कुणाला गप्प बसवते, हेही विचारावं लागतं.

देवापुढे सगळे सारखे, हे रविवारी म्हणणं सोपं. सोमवारी सोयरीक जुळवताना जात विचारली, तर आपण नेमकं काय शिकलो?