पाहुण्याचें घर

घर बांधणें म्हणजे भूमीवर आपली मालकी सांगणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. पाया जितका खोल व भिंत जितकी जाड, तितका बांधणाराचा पुरुषार्थ मोठा! परंतु जेथें मनुष्य मूळचा रहिवासी नाहीं, केवळ ज्ञानाच्या हेतूनें गेलेला पाहुणा आहे, तेथेंहि हेंच माप लावावें काय? अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील आपल्या संशोधनकेंद्रांचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो.

सन १९८३-८४ मध्यें भारतानें तेथें 'दक्षिण गंगोत्री' हें पहिलें ठाणें उभारलें, तें समुद्रावर पसरलेल्या हिमस्तरावर. वर्षानुवर्षें सांचणाऱ्या बर्फाखालीं तें हळूहळू गाडलें गेलें आणि १९९० मध्यें तेथील वास्तव्य सोडावें लागलें. पुढें लार्समन टेकड्यांच्या खडकाळ किनाऱ्यावर २०१२ मध्यें 'भारती' हें केंद्र सुरू झालें. मालवाहू जहाजांवरचे १३४ कंटेनर जोडून केलेली ही वास्तु खांबांवर उचललेली आहे. वारा तिच्या खालून निघून जातो व बर्फाला तिच्याभोवतीं सांचण्यास फारसा आधार मिळत नाहीं.

वाऱ्याला अशी वाट देणें हें शहाणपण खरें. परंतु त्याला नीति म्हणतां येणार नाहीं. लव्हाळा पुरांत लवतो तो स्वतःच्या जिवासाठीं. त्यांत नदीवर उपकार कोणता? नीतीचा आरंभ याच्या पुढें होतो. अंटार्क्टिकाच्या रक्षणासाठीं १९९१ मध्यें माद्रिद येथें झालेल्या करारान्वयें, कोणतेंहि काम हातीं घेण्यापूर्वीं त्याचे परिणाम तपासणें व सोडून दिलेली जागा स्वच्छ करणें हें कर्तव्य ठरलें. 'भारती'चीहि रचना अशी आहे कीं, काम संपल्यावर ती सुटी करून परत नेतां यावी. ही मागणी वाऱ्यानें केली नव्हती, लाटेनेंहि नाहीं. ती मनुष्यानें आपण होऊन स्वतःवर घातली, आणि म्हणूनच तिला नैतिक मोल आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढा संयम असेल तर मुळीं जाऊंच नये. तेथें इंधन बोटीनें नेऊन जाळावें लागतें, तेव्हां पाऊल उमटल्यावांचून राहतें थोडेंच! आक्षेप खोटा नाहीं. परंतु तेथील भूमीवरचा बर्फ वितळून समुद्रास मिळाला, तर पाणी कोंकणच्या किनाऱ्यालाहि चढणार. या मोहिमांचा कारभार पाहणारी संस्था गोव्यांत वास्को येथें आहे. तिच्याजवळचा समुद्र व 'भारती'समोरचा समुद्र वस्तुतः एकच. त्याच्याविषयीं अज्ञानांत राहिल्यानें कोणी निर्दोष ठरत नाहीं. जावें, हें खरें. मात्र ज्ञानाच्या नांवाखालीं ऋण माफ होतें असें समजूं नये.

कोणत्याहि किनाऱ्यावर बांधणारानें, घर किती काळ टिकेल हें अवश्य विचारावें; परंतु त्याबरोबरच, आपण निघून गेल्यावर येथें मागें काय उरेल, हेंहि विचारावें. पाहुण्याची पारख त्याच्या निरोपाच्या वेळींच होते.