फुकट सरपणाची किंमत

आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत आज एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत गॅसची शेगडी असते. तिजवर धूळ बसूं नये म्हणून स्वच्छ फडकें घातलेलें असतें. पाहुणा आला म्हणजे तें फडकें निघतें, चहा होतो, व पाहुणा गेला कीं तें पुनः जागेवर जातें. घरच्या माणसांची भाकरी व कालवण मात्र पलीकडे चुलीवरच होतें, आणि घरची बाई फुंकणी हातीं घेऊन, डोळे पुशीत तेथें बसलेली असते. यजमानास कारण विचारिलें तर तो म्हणतो, "सरपण रानांत फुकट मिळतें; गॅसला पैसा मोजावा लागतो. काटकसर केली तर त्यांत वाईट काय?"

प्रश्न योग्य आहे, व त्याचें उत्तर आपण शांतपणें शोधिलें पाहिजे. काटकसर हा सद्गुण आहे ह्याविषयीं वाद नाहीं. जो आपल्या मिळकतींत राहतो, कर्ज करीत नाहीं व उद्यांचा विचार करितो, त्याची कोणीही स्तुतीच करील. परंतु काटकसरीच्या नांवाखालीं दोन निरनिराळ्या गोष्टी चालतात. एक मनुष्य आपली विडी सोडून पैसा वांचवितो. दुसरा आपल्या गड्याची मजुरी बुडवून पैसा वांचवितो. पैसा दोघांच्याही गांठीं सारखाच राहतो. तरी दुसऱ्यास काटकसरी असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां विचारावयाचें तें इतकेंच कीं, चुलीमुळें वांचलेला पैसा कोणाच्या पदरचा?

ह्यासाठीं धूर म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. लांकूड, काटक्या, गोवऱ्या ह्यांस साध्या चुलींत पुरती हवा मिळत नाहीं, म्हणून त्यांचें जळण अर्धवट होतें. न जळलेल्या भागाचे अति सूक्ष्म कण धुरांत मिसळतात. त्यांतील कित्येक केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. नाक व घसा त्यांस अडवूं शकत नाहींत, आणि ते थेट फुप्फुसाच्या तळाशीं जाऊन बसतात. त्यांजबरोबर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. परंतु रक्तांत जी जागा प्राणवायूची ती तो बळकावितो. असा धूर वर्षानुवर्षें पोटांत गेल्यानें श्वासनलिकांचा जुनाट विकार जडतो, हृदयास अपाय होतो, डोळ्यांत मोतीबिंदु होण्याचा संभव वाढतो, आणि आईजवळ बसलेल्या लहान मुलांस न्युमोनिया होतो.

हें पूर्वीं फारसें कोणी मोजून पाहिलें नव्हतें. कर्क स्मिथ नांवाच्या अमेरिकन विद्वानानें आपल्या सहकाऱ्यांसह गुजरातेंतील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासाबरोबर किती धूर आंत जातो तें मोजिलें, व १९८३ सालीं तें प्रसिद्ध केलें. त्यानंतर ह्या विषयाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष अधिक गेलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील अशा दूषित हवेमुळें जगांत सुमारें ३२ लाख माणसें मृत्यु पावलीं. त्यांत पांच वर्षांखालील मुलें २ लाख ३७ हजारांहून अधिक होतीं.

आतां हिशेब करूं या. भाकरी घरांतील सर्वांनीं खाल्ली. पैसा सर्वांचा वांचला. धूर मात्र एकटीनें गिळला, आणि तिच्या मांडीवर तान्हें मूल असेल तर त्यानेंही. जें सरपण आपण फुकट म्हणतों त्याची किंमत दिली गेलीच आहे. ती आपल्या खिशांतून गेली नाहीं म्हणून आपल्यास दिसली नाहीं, एवढेंच.

कोणी म्हणेल, "आमच्या आज्यांनीं जन्मभर चूल फुंकली, आणि त्या ऐंशी वर्षें जगल्या." जगल्या त्यांस आपण पाहिलें, ज्या चाळिशींत खोकून गेल्या त्यांची आठवण कोणीं ठेविली? दुसरा म्हणेल, "चुलीवरच्या भाकरीची गोडी गॅसवर नाहीं." असेल, परंतु ज्यास ती गोडी पाहिजे त्यानें आठ दिवस स्वतः फुंकणी घेऊन बसावें, व नंतर आपलें मत सांगावें.

ह्याहून कठीण आक्षेप बाईचाच असतो. ती म्हणते, "मला संवय आहे. टाकी लवकर संपेल, चूलच बरी." हें ऐकून यजमानाचें मन स्वस्थ होतें. परंतु जिनें लहानपणापासून हेंच पाहिलें, घरचा पैसा जिच्या हातीं कधीं आला नाहीं, आणि जिला कोणीं खरोखर विचारिलेंही नाहीं, तिच्या ह्या बोलण्यास संमति म्हणावें काय? ती देते तें दान आहे हें खरें; पण दान घेणाऱ्यावरही कर्तव्य असतें. देणारीचें काय जातें हें ठाऊक झाल्यावरही जो मुकाट्यानें घेत राहतो, तो निर्दोष राहत नाहीं.

तथापि सर्वांस एकच दोष लावणें अन्यायाचें होईल. सरकारनें १ मे २०१६ रोजीं बलिया येथें उज्ज्वला योजना सुरू केली, व गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें गॅसच्या जोडण्या दिल्या. परंतु पुढें महालेखापरीक्षकांच्या अहवालांत असें दिसून आलें कीं, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत ज्यांस जोडणी घेऊन वर्षाहून अधिक काळ झाला होता, त्यांनीं सरासरी वर्षाकांठीं ३ च्या जवळपासच टाक्या भरून आणिल्या. १४.२ किलोची टाकी एकदम विकत घेणें हें रोजंदारीच्या मनुष्यास सोपें नाहीं. ज्याजवळ खरोखरच पैसा नाहीं, त्यास आम्ही कांहीं म्हणत नाहीं. परंतु जेथें तंबाखूस व मोबाईलच्या रिचार्जास पैसा निघतो व टाकीस तेवढा निघत नाहीं, तेथें गरिबीचें नांव पुढें करूं नये.

आणि ज्यास चूल सोडतां येत नाहीं त्यासही करण्यासारखें पुष्कळ आहे. ओलें लांकूड जाळूं नये. तें फोडून, वाळवून ठेवावें, व हें काम पुरुषांनीं करावें. डाळ, कडधान्य आधीं भिजत घालावें व भांड्यावर झांकण ठेवावें, म्हणजे जळण थोडें लागतें. चूल पडवींत किंवा अंगणांत आणावी. तें न जमल्यास वर धुराडें करावें व तें वेळोवेळीं साफ करावें. स्वयंपाक होईपर्यंत तान्हें मूल बापानें घ्यावें. थंडींत निखाऱ्यांचें घमेलें बंद खोलींत ठेवून कधींही निजूं नये. वर सांगितलेला वायु झोंपेंतच प्राण घेतो.

वाचकहो, आज संध्याकाळीं जेवावयास बसण्यापूर्वीं घटकाभर चुलीपाशीं जाऊन बसा. डोळ्यांस पाणी येईपर्यंत बसा. मग वांचलेला पैसा मोजा, आणि तो कोणाचा आहे ह्याचा निवाडा घरांतील सर्वांसमक्ष, तिला विचारून करा.