ई फॉरमॅट झालं

आमच्या सांगलीच्या घरी २०१५ साली घेतलेला एक असेंबल्ड डेस्कटॉप आहे. मी इंजिनिअरिंगला गेलो म्हणून तो घरात आला, मी नोकरीसाठी पुण्याला आलो आणि तो बाबांचा झाला. त्यात विंडोज होतंच. दुसऱ्या वर्षाला असताना मी शेजारी उबुंटू घातलं. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर यादी यायची, पहिलं नाव उबुंटूचं, विंडोज सगळ्यात खाली. बाबा रोज खालचा बाण दाबत दाबत विंडोजपर्यंत जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही आणि मीही तो क्रम बदलून दिला नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसरही बराच नवा लागतो. आमच्या मशीनमध्ये दोन्ही नाही. त्यामुळे दिवाळीला घरी जाताना मी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊनच गेलो. जुनं उबुंटू काढायचं, तिथे मिंट घालायचं, विंडोज आहे तसं ठेवायचं. बाबांना मी विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, "तुला कळतं त्यातलं, कर."

पुढे जे घडलं ते या क्षेत्रातल्यांना ओळखीचं वाटेल. पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय लिहिलेला आणि एकदा साधा. आमचं विंडोज जुन्या बायोस पद्धतीने घातलेलं, त्यामुळे साधा निवडायला हवा होता. मी दुसरा निवडला. इन्स्टॉलरने मध्येच एक लांबलचक सूचना दाखवली, की इथे जुन्या पद्धतीने घातलेली सिस्टिम दिसते आहे, तरी पुढे जायचं का. मी पहिली ओळ वाचली आणि पुढे गेलो. शेवटच्या टप्प्यावर बूटलोडर बसला नाही, इन्स्टॉलेशन फेल. रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा रेस्क्यू प्रॉम्प्ट. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला जुना ग्रब आपला उरलेला भाग उबुंटूच्या पार्टिशनवर शोधत होता आणि ते पार्टिशन मी तासाभरापूर्वी उडवलं होतं.

हे दुरुस्त करणं अवघड नाही. पेनड्राइव्ह योग्य पद्धतीने बूट केला, नव्या सिस्टिममध्ये क्रूट करून ग्रब पुन्हा बसवला, यादीत विंडोज परत आलं. अर्धा तास. मी खुशीत होतो. बाबांना हाक मारली, त्यांनी विंडोज उघडलं, थोडा वेळ माऊस इकडेतिकडे फिरवला आणि विचारलं, "ई कुठे गेलं?"

ई ड्राइव्ह माझ्या आठवणीत कॉलेजचा उकिरडा होता. पिक्चर, गेम्स, सीनिअर्सकडून आलेली सबमिशनं. मिंटला जागा ऐसपैस मिळावी म्हणून उबुंटूबरोबर तेही पार्टिशन मी काढून टाकलं होतं. इन्स्टॉलरच्या यादीत विंडोजमधली नावं दिसत नाहीत. एसडीए ५, एसडीए ६ असे क्रमांक, पुढे आकार आणि किती जागा वापरली आहे तो आकडा. एसडीए ६च्या पुढे ४१ जीबी होते. तो आकडा मी पाहिला होता. एवढे पिक्चर अजून आहेत का, असं मनात म्हणून मी वजाचं बटण दाबलं. बाबा तेव्हा बाहेर आकाशकंदिलाची वायर जोडत होते, माझ्यापासून दहा पावलांवर.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून बाबा घराण्यातले जुने फोटो स्कॅन करत होते. डी भरला तसं त्यांनी सगळं ईवर हलवलं होतं. सुमारे तेवीसशे फोटो, आणि प्रत्येक फाइलला नाव. नाव म्हणजे साल, प्रसंग आणि डावीकडून कोण कोण. त्यासाठी ते तीन वर्षं नातेवाइकांना फोन करत होते, दोनदा कोकणात जाऊन आले होते. ज्यांनी माणसं ओळखून दिली त्यातले काही जण आता नाहीत.

मी म्हणालो, "बाबा, इन्स्टॉल करताना ई फॉरमॅट झालं."

त्या रात्री फोटोरेक लावला. फाइलच्या नावांची यादी मेलेली असली तरी हा प्रोग्रॅम डिस्कवरचे बाइट वाचत जातो आणि फाइलची सुरुवात ओळखतो; जेपेग कायम त्याच ठरावीक बाइट्सनी सुरू होतं. सकाळपर्यंत एकवीसशेच्या आसपास फोटो बाहेरच्या डिस्कवर आले. नावं आली नाहीत, येणारही नव्हती. फाइलचं नाव फाइलच्या आत नसतं, ते एनटीएफएसच्या मास्टर फाइल टेबलात असतं, आणि तिथे मिंट पसरलं होतं. हाती आले ते 'एफ' आणि पुढे सात-आठ आकडे असे फोटो. चेहरे सगळे शाबूत. कोण ते कुठेच नाही.

बाबा म्हणाले, "जुनं मशीन, व्हायचंच कधीतरी. तू होतास म्हणून एवढं तरी हाती लागलं." भाऊबीजेला आत्या आली तिला त्यांनी सांगितलं, पोरगं रात्रभर जागं राहिलं. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी चकली खात होतो.

मी खोटं बोललो का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाहीये. 'ई फॉरमॅट झालं' या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. ही सोय मराठीत आपल्याला लहानपणीच मिळते. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे. कप फुटतो, पेन्सिल तुटते, आणि कर्ता खोलीतच उभा असतो. या दोन्हींच्या मध्ये तिसरी एक जागा आहे, 'माझ्याकडून फुटला'. हेतू नव्हता पण हात माझा होता, एवढं ती कबूल करते. फोटोंच्या बाबतीत माझी जागा तीच होती, असं म्हणता येईल. पार्टिशनच्या बाबतीत नाही. ते मी पाहून, आकडा वाचून, ठरवून काढलं. तिथे 'केलं' हेच क्रियापद लागतं.

कांटचं एक उदाहरण या संदर्भात दिलं जातं. धर्मावरच्या लेखनावरून १७९४ साली प्रशियाच्या राजाने त्याला समज दिली, तेव्हा कांटने 'महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन म्हणून' यापुढे त्या विषयावर लिहिणार नाही असं कळवलं. १७९७ साली राजा वारला. पुढच्याच वर्षी कांटने तो विषय पुन्हा काढला आणि प्रस्तावनेत खुलासा केला, की शब्द आपण मुद्दाम तसे निवडले होते. आपण प्रजाजन होतो ते त्या राजाचे. खोटं कधीच बोलू नये म्हणणाऱ्या माणसाची ही कसरत वाचून मला गंमत वाटायची. आता तेवढी वाटत नाही. पण एक फरक आहेच. राजाकडे ते वाक्य तपासायला सल्लागार होते, आणि मुळात दटावणारा तोच होता. बाबांकडे माझं वाक्य तपासायला काहीच नव्हतं. 'म्हणजे तू नक्की कुठलं बटण दाबलंस' हा प्रश्न पडायलासुद्धा पार्टिशन म्हणजे काय ते माहीत लागतं. डॉक्टर, वकील, मेकॅनिक, आम्ही सॉफ्टवेअरवाले, आमच्या तोंडून 'झालं' निघालं की समोरच्याला ते पावसासारखं ऐकू येतं.

ऑफिसमध्ये मी याचं समर्थन सहज केलं असतं. सर्व्हर पडला की आम्ही 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' लिहितो. एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली यावर लिहिलं आणि ही पद्धत आमच्या क्षेत्रात फैलावली: चुकलेल्याला शिक्षा करू नका, व्यवस्था कुठे चुकली ते पाहा. इन्स्टॉलरने ड्राइव्हची नावं दाखवायला हवी होती, हे खरंच आहे. बॅकअप हवा होता, हेही. पण या पद्धतीचा अर्धाच भाग मी घेतला होता. तिथे दोष देत नाहीत ते एवढ्यासाठी की माणसाने न घाबरता सांगावं, मी अमुक वाजता अमुक पाहिलं, मला अमुक वाटलं, म्हणून मी अमुक केलं. कर्ता तिथून जात नाही, उलट सगळ्यात तपशिलात तोच येतो. मी शिक्षेची भीती नसतानाही कर्ता गाळला. बाबा मला काय करणार होते?

चूक मला तितकीशी टोचत नाही, चुका रोज होतात. टोचते ती मिळालेली माफी. बाबांनी माफ केलं ते मशीनला, आणि ती माफी मी स्वतःच्या खात्यावर जमा करून घेतली. वर आत्याचं कौतुक. ज्याला काय घडलं तेच माहीत नाही तो माफ करतो म्हणजे काय करतो? आणि सांगून आता काय उपयोग, फोटोंची नावं थोडीच परत येणार, हा युक्तिवादही मी महिनाभर वापरला. तो पुरत नाही, कारण नावं परत आणणं हा सांगण्याचा हेतूच नव्हता. माझ्यावर कितपत विसंबायचं हे ठरवायला बाबांना जी माहिती लागत होती ती माझ्याकडे अडकली होती.

डिसेंबरात फोनवर सांगितलं. आकडा दिसला होता, हेही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी बाहेरच होतो. विचारलं का नाहीस?"

याचं खरं उत्तर असं, की विचारलं असतं तर त्यांनी ई म्हणजे कुठलं, पार्टिशन म्हणजे काय, मिंट कशाला, हे सगळं विचारलं असतं आणि अर्धा तास गेला असता. मी ते तसंच सांगितलं. चार दिवस त्यांचा फोन आला नाही. आईने सांगितलं, फोटो बघत बसतात, बोलत नाहीत.

पाचव्या दिवशी फोन आला तो कामाचाच. नाव फोटोच्या आतच लिहून ठेवता येतं का? येतं, मिंटवर डिजीकॅम घातलं की मजकूर जेपेगच्या आत लिहिता येतो, मग फाइलचं नाव गेलं तरी तो राहतो. "हे तुला आधीपासून माहीत होतं?" होतं. "बरं."

आता दर रविवारी मी पुण्याहून त्यांच्या मशीनला जोडून घेतो. काही बदलायचं असलं की ते थांबवतात, कुठे जातोयस, काय दाबणार आहेस, त्याने काय होईल, सगळं वहीत लिहून घेतात, मगच हो म्हणतात. परवा एक अपडेट करायला पन्नास मिनिटं लागली. तीनशे चाळीस फोटोंवर नावं चढली आहेत. एका फोटोत विहिरीपाशी नऊवारीतल्या तिघी उभ्या आहेत, दोघी ओळखीच्या. तिसरीचं नाव बाबांनी एकदा टाइप केलं होतं, एवढंच त्यांना आठवतं.