सांगणारा कोण?

उसाच्या शिवारात अंधार पडला की केडगावकडच्या वस्त्यांवर हल्ली दारे लवकर लागतात. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर, आणि बिबट्याला तालुक्याची हद्द ठाऊक नसते. अशा वेळी मोबाइलवर फोटो येऊन पडतो: अंगण, तुळशीवृंदावन, आणि ओट्यावर ऐटीत बसलेला बिबट्या. घरातली म्हातारी विचारते, "कुणी बघितला?" नातू म्हणतो, "फोटो आलाय." म्हातारी हट्ट सोडत नाही. "आलाय ते दिसतंय मला. बघितला कुणी?"

भीती खोटी नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत लहान मुलांसह तिघांचा जीव गेला. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. त्याच दिवसांत पुणे शहरात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बिबट्यांचे फोटो फिरू लागले आणि खऱ्या बिबट्याच्या मागावर असलेल्या वनखात्याला खोट्या बिबट्यांचे खुलासे करत बसावे लागले. जबडा खरा, चित्र खोटे, आणि दोन्हींची बातमी एकाच पडद्यावर.

म्हातारीचा प्रश्न निरक्षरपणाचा नाही. त्यावर या देशात दीड-दोन हजार वर्षे वाद झाला आहे. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून मानायचे? न्यायदर्शन चार प्रमाणे सांगते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द म्हणजे कुणाचेही बोलणे नव्हे, आप्ताचे बोलणे. आप्त म्हणजे सोयराही नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात आणखी एक मोकळीक दिली. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखेच लागू पडते. जात, कुळ, भाषा पाहू नका. त्याने जाणले आहे का आणि खरे सांगायची त्याची इच्छा आहे का, एवढेच पाहा.

एवढा उदार वात्स्यायनही यंत्राला आप्त म्हणाला नसता. यंत्र म्लेंच्छ आहे म्हणून नव्हे, तर त्याने काही जाणलेले नाही म्हणून. त्याने बिबट्या पाहिलेला नाही. बिबट्यांची लाखो चित्रे मात्र पचवली आहेत. आणि खरे सांगण्याची इच्छा? खोटे बोलण्याचीही त्याला इच्छा नसते, अडचण तिथेच आहे. खोटारड्याला निदान धरता येते.

याच्या उलट टोकाला मीमांसक उभे आहेत. त्यांचे म्हणणे असे की शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्याकडून. लोभ, अज्ञान, पक्षपात हे सारे माणसाचे. म्हणून ज्याला कर्ताच नाही असा अपौरुषेय शब्द सर्वांत निर्दोष. त्यांनी हे वेदांपुरते म्हटले होते. आज संगणकाच्या निकालाला लोक ज्या भाविकपणे मान डोलावतात ती हीच श्रद्धा आहे, वेद तेवढा बदलला. 'माणसाचा हात लागलेला नाही, म्हणजे पक्षपात नाही' हे वाक्य सरकारी योजनेच्या समारंभात ऐकले की मीमांसक कुमारिल भट्टाची आठवण यावी. त्याच्या परंपरेत ज्ञान आपोआपच खरे धरायचे, खोटे ठरेपर्यंत. नैयायिक म्हणतात, तसे नाही, खरेपणा बाहेरून तपासून घ्यावा लागतो. मोबाइलवरचा समाज पहिल्या मताचा आहे. कायदा करणाऱ्याला दुसऱ्या मताचे असण्यावाचून गत्यंतर नाही.

केडगाव दौंड विधानसभा मतदारसंघात येते आणि दौंड बारामती लोकसभेत. इथल्या खासदार सुप्रिया सुळे. शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५ रोजी त्यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले: कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाचा फोन किंवा ईमेल न घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क. अशाच आशयाचे विधेयक त्यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनातही आणले होते. डिसेंबर २०२५ च्याच अधिवेशनात कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांनी डीपफेकवरचे विधेयक मांडले. ज्याचा चेहरा वापरायचा त्याची आधी संमती हवी, हा त्याचा गाभा. दोघे मराठी, दोन विरुद्ध बाकांवरचे, आणि दोघांच्या विधेयकांचे पुढे काय होते ते इतिहासावरून सांगता येते. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ खासगी विधेयकांचा कायदा झाला. शेवटचे १९७० साली.

मग हा खटाटोप कशासाठी? उत्तरासाठी थोडे मागे, आणि केडगावातच, जावे लागते.

१८९७. पुण्यात प्लेग. घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर, रुग्णालये, छावण्या. पंडिता रमाबाई तेव्हा शारदा सदनातल्या मुली आणि मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुली सांभाळत होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे मुलींना पुण्यात ठेवणे अवघड झाले तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेली जमीन उपयोगी पडली. पुढच्याच वर्षी तिथे मुक्ती सदन उभे राहिले. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची कशी आबाळ होते याविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात लिहिले, स्वतःच्या नावानिशी. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी पत्र चुकीचे ठरवले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. हटणार कशा? ज्या मुलींविषयी त्या लिहीत होत्या त्या त्यांच्याच पंगतीला बसत होत्या.

त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली: सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले, एकीने जीव दिला. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले. गहजब झाला. जुलैअखेर ते मुंबईत उतरले आणि पुरावा मागू लागले, तर पत्रे लिहिणारे एकेक करून मागे सरले. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. मित्रांची नावे मात्र शेवटपर्यंत सांगितली नाहीत. पुण्याने त्यांना त्या माफीबद्दल बराच काळ टोचून खाल्ले.

न्यायाच्या भाषेत सांगायचे तर गोखल्यांकडे शब्द होता, आप्त नव्हता. रमाबाई स्वतःच आप्त होत्या. पण प्रकरण इथेच संपत नाही. गोखल्यांनी दुसऱ्याच्या शब्दाचे ओझे स्वतःच्या नावावर घेतले आणि तो खोटा पडल्यावर किंमतही स्वतः मोजली. पुढे १८९९ अखेर ते मुंबईच्या कायदेमंडळात आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तिथली त्यांची भाषणे आकड्यांनी ठासून भरलेली असत, एकेक आकडा सरकारच्याच कागदांतून उचललेला. हे माफीनाम्याने शिकवले का, हे ठामपणे म्हणता येत नाही, पण तसे वाटते खरे. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. तेही खासगीच. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पडले, पण विरोधात बोलणाऱ्या प्रत्येकाला आपल्या नावाने, नोंदवहीत, मुले शाळेत का जाऊ नयेत हे सांगावे लागले.

खासगी विधेयकाचे काम बहुतेक वेळा हेच असते. प्रश्नोत्तराच्या तासाचेही. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याने उभे राहून द्यायचे उत्तर, त्यावर उपप्रश्न, आणि 'विचार करू' असे तोंडून गेले तर ते आश्वासन म्हणून वेगळी समिती लिहून ठेवते. 'संगणकाने तसे सांगितले' हे सभागृहात उत्तर होऊ शकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने लोकसभेत लेखी सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढीला लगाम घालणारा कायदा आणण्याचा विचार नाही. नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतंत्र कायदा नकोच असे धोरण राहिले. फेब्रुवारी २०२६ मध्ये यंत्रनिर्मित मजकुरावर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे असा नियम मात्र आला. या प्रत्येक पावलामागे कुणी ना कुणी सभागृहात, समितीत, न्यायालयात 'हे कोण म्हणतो?' असे विचारले आहे.

तरीही नेमका प्रश्न विचारायचा राहूनच जातो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतला ओलावा, हवामान, उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी कधी, खत किती ते मोबाइलवर कळते. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली, सुरुवातीला ५०० कोटींची तरतूद. चांगले आहे. पाणी वाचत असेल तर फारच चांगले. पण समजा, 'आज पाणी देऊ नका' असा संदेश आला आणि ऊस वाळला. आधी कृषी सहायक बांधावर येऊन सांगायचा. चुकला तर पुढच्या बाजारच्या दिवशी त्याला गाठता यायचे. आता गाठायचे कुणाला? पुण्यातल्या कार्यालयाला, की सेन्सर बनवणाऱ्याला? की त्या यंत्राला, ज्याला दौंडचा बाजारही माहीत नाही?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला मान दिला. विधेयक लोकसभेत ३ ऑगस्टला मांडले गेले, ७ ला मंजूर झाले, ९ ला राज्यसभेतून बाहेर पडले. आठवडाभरात संमतीचा कायदा संमत! आणि या कायद्याच्या ४४व्या कलमाने जाता जाता माहितीच्या अधिकारातली वैयक्तिक माहितीची तरतूदही आवळली. शिरूरला लागूनच पारनेर. तिथल्या राळेगणसिद्धीतून ज्या हक्कासाठी उपोषणे झाली, त्या हक्काची ही गोष्ट आहे. नाव झाकण्याचा हक्क आणि सही कुणाची हे विचारण्याचा हक्क एकाच कायद्यात समोरासमोर आले, आणि त्यावर बोलायला सभागृहाला फार वेळ मिळाला नाही.

केडगावच्या मुक्ती सदनात छापखाना होता. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या बाईने संस्कृतप्रचुर शब्द वेचून वेचून बाजूला काढले. खिळे जुळवायला सदनातल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळे झाले होते; ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. एखादा शब्द चुकला असेल तर तो कुणी निवडला हे आजही बोट ठेवून सांगता येते.

मार्च २०२५ मध्ये लोकसभा सचिवालयाने 'संसद भाषिणी'साठी करार केला. सभागृहातल्या भाषणांचे आणि कागदपत्रांचे अनुवाद आता यंत्र करू लागेल. एखाद्या मराठी खासदाराच्या 'बघू' या शब्दाचे यंत्राने 'करू' केले तर ते आश्वासन कुणाचे? हसण्यासारखा वाटला तरी हा प्रश्न समितीपुढे कधी तरी येईलच.

माणूस आप्त असतोच असे नाही, हे गोखल्यांच्या पत्रलेखक मित्रांनी दाखवून दिले आहे. खासदारही आपले भाषण यंत्राकडून लिहून घेऊ शकतो. पण सभागृहात ते वाचताना तो उभा राहतो, अध्यक्ष त्याचे नाव पुकारतात आणि कामकाजाच्या वहीत ते नाव उमटते. वाचकानेही आपल्या खासदाराला एक प्रश्न पाठवून पाहावा. बांधावरच्या संदेशाची जबाबदारी कुणाची, एवढाच. लोकसभेत प्रश्नाची सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा बघून लिहावे, आणि पत्राखाली आपले नाव-गाव घालायला विसरू नये.